गोळ्या पोचल्या, बोलणं तुटलं: लॉकडाऊन, एआरटी आणि माणसांची मनं

ओंजळ

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या एआरटी केंद्रात समुपदेशक आहे. एचआयव्हीवरची रोजची गोळी जिथे मोफत मिळते ते केंद्र. साथ आली तर काय करायचं, याचा आराखडा सध्या आमच्याकडे नव्याने लिहिला जातोय. मसुदा वाचला. औषधाचा साठा किती ठेवायचा, गाडी कुणाची, पास कोण देणार, दुसऱ्या जिल्ह्यातला रुग्ण आला तर त्याची नोंद कुठे करायची, सगळं नीट आहे. माणसाच्या मनाबद्दल एक ओळ नाही. ती भर घालायचं काम मी मागून घेतलंय. म्हणून इथे विचारते. तुमच्यापैकी जे औषधावर आहेत किंवा ज्यांच्या घरात कुणी आहे, त्यांनी २०२० मध्ये काय सोसलं ते लिहा. नाव-गाव नको.

आधी माझं सांगते. २४ मार्च २०२० च्या रात्री लॉकडाऊन जाहीर झाला तेव्हा आम्हाला पहिली काळजी औषधाची होती. एसटी बंद, वडाप बंद. आमच्या कितीतरी लोकांना दोन-तीन गाड्या बदलून यावं लागतं. पुढे नाकोच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या एड्स नियंत्रण संघटनेच्या, सूचना आल्या: प्रकृती स्थिर असेल त्यांना तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या, कुणी अडकलं असेल तर जवळच्या केंद्रातून द्या. एचआयव्हीसह जगणाऱ्यांना आधार देणाऱ्या विहान केंद्रांचे कार्यकर्ते दुचाकीवरून घरोघर गोळ्या पोचवत होते. त्या लोकांनी जे केलं त्याची दखल पुरेशी घेतली गेलेली नाही, असं माझं ठाम मत आहे.

त्यामुळे बहुतेकांपर्यंत गोळ्या पोचल्या. पण मी फोन लावायला लागले तेव्हा पलीकडून वेगळंच ऐकू यायचं. "ताई, गोळी आहे. घेऊ कुठे? सगळे घरातच आहेत." कुणी फोन उचलून नुसतं "हो, हो, बरं आहे" म्हणायचं, कारण शेजारी सासू बसलेली. केंद्रात माझ्या खोलीचं दार लागलं की लोक बोलतात, रडतात, नवऱ्याबद्दल सांगतात. ते दार फोनला नव्हतं.

रानवाटा

ताई, मी २००९ पासून औषधावर आहे. मुंबईत हॉटेलात कामाला होतो, लॉकडाऊन लागल्यावर पाटणकडच्या आमच्या गावी आलो. मुंबईहून आलेल्यांना गावाने शाळेत ठेवलं. राग नाही, तेव्हा सगळेच घाबरले होते. हातावर विलगीकरणाचा शिक्का होता, आणि शाळेसमोरून जाणारी बाई पदर तोंडाला लावून लांबून जायची. बाकीच्या पोरांना ते नवीन होतं. मला नव्हतं. माझं निदान झालं त्या वर्षी माझ्या सख्ख्या चुलत्याने मला वेगळा पेला दिला होता. शाळेच्या व्हरांड्यात बसून मला तो पेलाच आठवत होता.

वर्गात आम्ही सगळे एकत्र झोपायचो. गोळी रात्री घ्यायची असायची. मी ती कागदात बांधून खिशात ठेवायचो आणि संडासात जाऊन नळाच्या पाण्याबरोबर घ्यायचो. एकाने विचारलंच, रोज याच वेळेला कसा जातोस रे. त्या रात्री गोळी घेतली नाही.

शाळेतून सुटलो तोवर गोळ्या संपत आल्या होत्या. मोटारसायकलवर निघालो तर नाक्यावर अडवलं. दवाखान्यात जायचंय म्हटलं. कागद दाखव म्हणाले. माझ्याकडे एआरटीचं हिरवं पुस्तक होतं, पण मागे आमच्याच गावचे दोघं उभे होते. पुस्तक काढलं असतं तर गोळ्या मिळाल्या असत्या आणि गाव गेलं असतं. मी गाडी वळवली.

पुढचे दिवस मी नीट सांगू शकत नाही. मरणाची भीती नव्हती. कळेल याची होती. जेवण जात नव्हतं, कुणी हाक मारली तरी छातीत धस्स व्हायचं. शेवटी एका कार्यकर्त्याचा फोन आला. तो एसटी स्टँडवर आला आणि किराणा द्यावा तशी साधी पिशवी हातात दिली. वर बिस्किटाचा पुडा होता. मी तिथेच रडलो. त्याने घाई केली नाही. तोही औषधावर आहे, असं त्याने सांगितलं, आणि बराच वेळ बोलत बसला. त्यानंतर मी जेवायला लागलो.

हंसध्वनी

मी डॉक्टर आहे, पूर्वी एआरटी केंद्रात काम केलंय. रानवाटांच्या लिहिण्यात दोन गोष्टी आहेत, त्या उलगडून सांगतो.

तेव्हा आपल्याकडे बहुतेकांना टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि एफाव्हिरेन्झ अशी तीन औषधं एकत्र असलेली गोळी मिळायची. त्यातलं एफाव्हिरेन्झ मेंदूवर परिणाम करतं. चक्कर, भडक स्वप्नं, झोप न लागणं, काहींना खिन्नता, क्वचित आत्महत्येचे विचारसुद्धा. म्हणूनच ती रात्री झोपताना घ्यायला सांगायचो. आधीच मन खचलेल्या माणसाला, कोंडलेल्या घरात, रात्री ही गोळी. आम्ही डॉक्टर 'सवय होईल' म्हणून पुढच्या रुग्णाकडे वळायचो, हे बरोबर नव्हतं. पुढे डोल्युटेग्राविरची गोळी आली. तिनेही काहींची झोप बिघडते, पण हा त्रास पुष्कळ कमी झाला.

दुसरं, खंडाचं. गोळ्या थांबल्या की विषाणू काही आठवड्यांत पुन्हा वाढू लागतो. शिवाय एफाव्हिरेन्झ रक्तात बाकी दोघांपेक्षा जास्त दिवस रेंगाळतं. तिन्ही एकदम बंद झाली तर काही दिवस ते एकटंच उरतं आणि विषाणूला त्याला दाद न देण्याची संधी मिळते. रुग्णांना यातलं एवढंच सांगितलेलं असतं: 'गोळी चुकवाल तर औषध लागू पडणार नाही.' म्हणजे गोळी चुकायची ती त्यांच्या हातात नसलेल्या कारणाने, आणि अपराधी वाटायचं त्यांनाच. मन खचलं की गोळी चुकते, गोळी चुकली की मन आणखी खचतं. एचआयव्ही असलेल्यांमध्ये नैराश्य इतरांपेक्षा बरंच जास्त आढळतं, हे साथीच्या आधीपासून माहीत होतं.

आणखी एक आठवण. सुरुवातीच्या महिन्यांत लोपिनाविर-रिटोनाविर हे एचआयव्हीचं औषध कोविडवर वापरून पाहिलं जात होतं. टीव्हीवर ते ऐकून दुसऱ्या टप्प्याच्या औषधांवर (पहिली लागू पडेनाशी झाली की देतात ती, त्यात हेही असायचं) असलेले माझे रुग्ण हबकले. 'आमची औषधं आता त्यांना जाणार का?' जुलै २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतून ते काढून टाकलं, उपयोग दिसत नव्हता. पण मधले महिने त्या लोकांनी धास्तीत काढले, आणि त्यांना बसून समजावून सांगायला कुणी मोकळं नव्हतं.

सांजसखी

माझे मिस्टर गेले तेव्हा माझी तपासणी झाली. सासरीच राहते. सासू-सासऱ्यांना मुलगा कशाने गेला ते माहीत आहे, माझं माहीत नाही. निदान तसं आम्ही सगळे धरून चालतो.

माझ्या गोळ्या कॅल्शियमच्या जुन्या डबीत असतात. नवी बाटली आणली की आधी लेबल सोलायचं. बाटलीत गोळ्या वाजतात, म्हणून कापूस घालायचा. हे सगळं एरवी दुपारी घर रिकामं असताना व्हायचं. लॉकडाऊनमध्ये घर रिकामं व्हायचंच नाही. दीर पुण्याहून कुटुंबासह आलेले. तीन महिन्यांच्या तीन बाटल्या एकदम आल्या तेव्हा त्या कुठे ठेवू, याच विचाराने मला झोप नव्हती.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. दर महिन्याला केंद्रात जायचे ना, तिथे बाहेर बाकडं आहे. नंबर येईपर्यंत आम्ही चार-पाच जणी त्यावर बसायचो. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कुणाचं सीडी४ (रक्तातल्या प्रतिकारपेशींचा आकडा) वाढलं, कुणाला संजय गांधी निराधारचे पैसे सुरू झाले. तिथे काही लपवायचं नसायचं. महिन्यातल्या त्या एका सकाळी मी खरी असायचे. तीन महिन्यांच्या गोळ्या मिळाल्या, सरकारचं चुकलं असं म्हणत नाही. पण ती सकाळ गेली. त्यातली एक बाई परत दिसलीच नाही. आम्ही एकमेकींचे फोन नंबर घेतले नव्हते, घरी कुणी बघेल म्हणून.

भीमाकाठ

सांजसखीताईंचं वाचून वाईट वाटलं. पण माझं म्हणणं जरा वेगळं आहे, रागावू नका.

मी आणि माझी मालकीण दोघंही औषधावर. दरसाल ऊसतोडीला जातो, बीडकडून कोल्हापूर-सांगलीच्या कारखान्यांवर. सहा-सहा महिने फडात. आम्हाला दर महिन्याला औषध म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली, शिवाय मुकादमाला काय सांगायचं? रोज नवं खोटं. आधी मागून मागून थकलो होतो की जास्तीच्या गोळ्या द्या, तर एका ठिकाणी बाईंनी सगळ्यांसमोर ओरडून घालवलं होतं. लॉकडाऊनमध्ये पहिल्यांदा तीन महिन्यांचं मिळालं. ते बंद करा असं कुणी लिहू नका. तुमच्या आराखड्यात ते राहिलंच पाहिजे.

आमचे हाल झाले ते पट्टा पडायच्या, म्हणजे हंगाम संपायच्या वेळी. मार्चला घरी जायची वेळ आणि सगळं बंद. कोपीवर, आमच्या झोपडीतच अडकलो. गावाकडचं केंद्र लांब, इथल्या केंद्रात आमचं नाव नाही. मालकीण गप्प झाली. बोलायचीच नाही, चूल पेटवायची आणि बसून राहायची. पोरं गावाकडं आईपाशी. मला वाटलं तिला कोविड झाला. तसं काही नव्हतं. हे मनाचं दुखणं असतं, याला डॉक्टर असतो, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. गावाकडं गेल्यावर पोरं गळ्यात पडली तेव्हा ती बोलायला लागली, पण पूर्वीसारखी व्हायला फार काळ गेला.

ओंजळ

भीमाकाठ दादा, रागावणार कशी? गोळ्या जास्त दिवसांच्या मिळाल्याच पाहिजेत. त्याच्या बदल्यात बोलणं जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे. औषध तीन महिन्यांनी दिलं तरी समुपदेशकाची भेट किंवा फोन दर महिन्याला ठेवता येतो. फोन कधी करायचा, ते रुग्णाने ठरवायचं. शेतात असताना, दळण आणायला गेल्यावर, जेव्हा तो एकटा असेल तेव्हा. आणि 'आत्ता बोलता येत नाही' हे सांगायला आधीच एक खूण ठरवून घ्यायची. आमच्या एका ताई 'गॅसचा नंबर लावलाय का' असं विचारायच्या. मग मी फोन ठेवायचे.

स्पष्ट_बोलतो

कुणाला दुखवायचं नाही, पण लॉकडाऊनमध्ये मन सगळ्यांचंच बिघडलं होतं. मधुमेहवाले, डायलिसिसवाले, कॅन्सरवाले यांनाही उपचार मिळत नव्हते. एचआयव्हीसाठी वेगळा विचार कशाला?

पाखरू

स्पष्ट_बोलतो काका, मी उत्तर देतो. मी एकवीस वर्षांचा आहे. जन्मापासून एचआयव्ही आहे. आईवडील दोघंही गेले, मी एका बालगृहात वाढलो. डायलिसिसवाल्याला गल्लीत सांगता येतं की मला डायलिसिसला जायचंय. लोक गाडी देतात. मला सांगता येत नाही. एवढाच फरक आहे, पण मला तो सगळ्यात मोठा वाटतो.

लॉकडाऊन लागला तेव्हा मी शाळेत होतो आणि मला मामाकडे पाठवलं होतं. संस्थेत आम्ही सगळे रात्री जेवण झालं की रांगेत गोळ्या घ्यायचो. ताई हाक मारायची, कुणाला उलटी झाली की सगळे हसायचे. तिथे तो आजार आहे असं वाटायचंच नाही. मामाकडे माझं ताट वेगळं. मामी वाईट नाही, ती घाबरायची. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की औषध नीट चालू असून रक्तात विषाणू सापडत नसेल तर माझ्यापासून पुढे जोडीदारालासुद्धा लागण होत नाही, मग ताटाने कसली होणार. मी सांगितलं तर लहान तोंडी मोठा घास झाला असता.

मी गोळ्या घेणं बंद केलं होतं. संपल्या नव्हत्या. डबीत होत्या. मला जगायचंच नव्हतं, हे स्पष्ट लिहितो, कारण ओंजळताईंना आराखड्यात लिहायचंय. माझ्यासारख्या मुलांच्या गोळ्या मोजून उपयोग नाही. गोळ्या उरल्या असतील तर का उरल्या, ते विचारायला हवं. मला ते संस्थेतल्या एका मित्राने विचारलं. मग आम्ही रोज रात्री नऊला व्हिडिओ कॉल लावायला लागलो, सगळे एकत्र गोळी घ्यायचो. त्यातून मी सावरलो. आता माझा विषाणूभार सापडत नाही इतका कमी आहे आणि मी नर्सिंग शिकतोय.

स्पष्ट_बोलतो

पाखरू, हे मला ठाऊक नव्हतं. तुझ्या लिहिण्याबद्दल मनापासून आभार, बाळा. शिक.

चाफा

पुण्यात बुधवार पेठेतल्या देहविक्री करणाऱ्या बायकांसोबत एका संस्थेतर्फे काम करते. दोन-तीन गोष्टींची भर.

पोटात काही नसेल तर गोळी घेववत नाही. आमच्याकडे लॉकडाऊनमध्ये धंदा पूर्ण बंद, खोलीचं भाडं चालू. बायका म्हणायच्या, रिकाम्या पोटी ती गोळी घेतली की गरगरतं, म्हणून आज राहू दे. रेशन आलं की गोळ्या आपोआप सुरू व्हायच्या. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर महाराष्ट्र सरकारने ऑक्टोबर ते डिसेंबर २०२० साठी महिना ५,००० रुपये, शाळेत जाणारं मूल असेल तर आणखी २,५०० रुपये जाहीर केले. ज्यांना ते वेळेवर मिळाले त्यांची झोप परत आली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मनाच्या आरोग्याबद्दल लिहाल तेव्हा त्यात धान्य आणि भाडं आधी लिहा, ही विनंती.

लसीकरणाची वेळही विसरू नका. १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयाच्या सहव्याधी असलेल्यांना लस खुली झाली, त्या यादीत एचआयव्ही होता. चांगलं होतं. पण त्यासाठी डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म केंद्रावर दाखवायचा होता, आणि केंद्र वस्तीतलंच. टेबलावरचा मुलगा ओळखीचा. कित्येक जणी परत आल्या आणि सगळ्यांना खुली होईपर्यंत थांबल्या. २०१७चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, त्यात गोपनीयता स्पष्ट आहे. तरी फॉर्म बनवताना हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आणि आमचे कार्यकर्ते. रानवाटांना पिशवी देणाऱ्यासारखे कितीतरी जण स्वतः एचआयव्हीसह जगतात. ते साथीत दारोदार फिरले, लोकांची दुःखं ऐकली, ओळखीची माणसं गमावली, आणि घरी येऊन गप्प बसले. आमची एक कार्यकर्ती वर्षभराने अचानक काम सोडून गेली. तिचं कोण ऐकत होतं?

हंसध्वनी

चाफाताईंच्या शेवटच्या मुद्द्याला माझं पूर्ण अनुमोदन. आराखड्यात कार्यकर्त्यांसाठी नेमलेला मानसतज्ज्ञ हवा, नाव आणि नंबरासकट. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग असतोच, पण एआरटी केंद्रातून तिथे चिठ्ठी फार क्वचित जाते. नैराश्य ओळखायला नऊ प्रश्नांची साधी प्रश्नावली पुरते, समुपदेशकाला ती फोनवरही विचारता येते. फक्त नववा प्रश्न, स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा, विचारून थांबायचं नाही. उत्तर 'हो' आलं तर त्याच दिवशी पुढे काय, कुणाला फोन, हे आधी ठरलेलं असलं पाहिजे. २०२० मध्ये नसलेली एक सोय आता आहे: टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

साठ्याबद्दलही खरं बोलू. साथ ओसरल्यावर २०२२ च्या जुलैत डोल्युटेग्राविरच्या तुटवड्यावरून दिल्लीत नाकोच्या कार्यालयासमोर रुग्णांना धरणं धरावं लागलं. तेव्हा 'औषध आहे, काळजी करू नका' एवढ्याने धीर येत नाही. किती आहे आणि कधीपर्यंत पुरेल, हे लोकांना कळलं तर ते शांत राहतात.

दिवेलागण

मी इथे नवीन आहे. हा धागा रात्रभर वाचला. माझा धाकटा भाऊ लॉकडाऊनमध्ये केंद्रात जायचा थांबला तो थांबलाच. विचारलं की म्हणतो, आता काय तोंड घेऊन जाऊ, ओरडतील. हल्ली खोकला आहे, वजन उतरलंय. कुणाशी बोलत नाही. इतक्या वर्षांनी परत घेतात का?

हंसध्वनी

घेतात. नक्की घेतात. पण थांबू नका. खोकला आणि वजन उतरणं म्हणजे आधी टीबीची तपासणी हवी, त्यावरून एआरटी कधी सुरू करायची ते डॉक्टर ठरवतील. घरात जुन्या गोळ्या उरल्या असतील तर त्या आपल्या मनाने सुरू करू नका. धाप लागत असेल, ताप चढलेला असेल, डोकं फार दुखत असेल तर उद्याची वाट न बघता आजच दवाखान्यात न्या.

ओंजळ

दिवेलागण, तुम्ही त्यांच्यासोबत जा. पहिल्या दिवशी एकट्याने आत जाणं फार जड जातं. हिरवं पुस्तक असेल तर घ्या, हरवलं असेल तरी जुनी नोंद शोधता येते. त्याच केंद्रात जायची लाज वाटत असेल तर दुसऱ्या केंद्रात जा, कुठे जवळ आहे ते १०९७ या एचआयव्हीच्या हेल्पलाइनवर सांगतात, फोन मोफत आहे. आत गेल्यावर आधी समुपदेशकाला भेटा आणि एवढंच म्हणा: लॉकडाऊनपासून गोळ्या बंद आहेत, पुन्हा सुरू करायच्या आहेत. का बंद झाल्या याचा हिशेब पहिल्या दिवशी द्यावा लागत नाही. कुणी आवाज चढवलाच तर मला निरोप पाठवा.

आणि भावाला पाखरूचा प्रतिसाद वाचायला द्या.

दिवेलागण

वाचायला दिला. काही बोलला नाही, पण फोन अजून त्याच्याच हातात आहे. ताप नाही, धापही लागत नाही. सकाळी पहिल्या गाडीने निघतोय. उपाशी न्यायचं की जेवून?

ओंजळ

जेवून न्या. सोबत पाणी आणि काहीतरी खायला ठेवा, तपासण्यांमध्ये दुपार होते.